स्पेसनं कापलेला सातबारा

अंबडला तहसील कचेरीच्या आसपास ऑनलाइन कामं करून देणारी दुकानं आहेत. त्यातल्या एका दुकानात सातबारा, आठ-अ, फेरफार, उत्पन्नाचे दाखले यांचं दिवसभर स्कॅनिंग चालतं. फायलींची नावं माणसाला चटकन कळतील अशी: ‘वाडीगोद्री सातबारा’, ‘शहागड फेरफार (2)’. काम तातडीचं असेल तर नावाआधी तारा: ‘* तातडीचे’. विंडोजवर फाइलच्या नावात तारा चालत नाही, लिनक्सला चालतो. आणि या दुकानातलं जुनं मशीन लिनक्सवर आहे.

फायली गावनिहाय फोल्डरमध्ये हलवायला तिथल्या पोरानं छोटी शेल स्क्रिप्ट लिहिली होती. स्क्रिप्टला दिलेलं पहिलं नाव $1 मध्ये येतं. त्यानं फाइल माऊसनं ओढून टर्मिनलवर टाकली, नावाभोवती सिंगल कोट आपोआप आले, एंटर मारलं. उत्तरात दोन तक्रारी: ‘वाडीगोद्री’ नावाची फाइल नाही, ‘सातबारा’ नावाचीही नाही.

“कोट तर दिलेत की!” पोरगा वैतागला.

दिले होते, पण बाहेर. शेल ओळ वाचताना ते कोट वापरून काढून टाकतो. स्क्रिप्टच्या आत पोचतं ते नुसतं नाव. तिथे $1 उघडा लिहिला की शेल आधी नाव आत भरतो आणि मग स्पेस, टॅब, नवी ओळ दिसेल तिथे त्याचे तुकडे करतो. फाइल हलवणाऱ्या कमांडला हे तुकडेच मिळतात, त्यामुळे तिच्यावर चिडून उपयोग नाही. "$1" असं डबल कोटात लिहिलं आणि फाइल मुकाट गेली.

तुकडे झाल्यावर शेल ताऱ्याचाही अर्थ लावतो, हे जास्त घातक. नकलांच्या फोल्डरमध्ये आम्ही फाइल पुसणारी ओळ लिहिली, उघड्या $1 सकट, पण आधी ‘इको’ जोडून, म्हणजे कमांड चालण्याऐवजी नुसती छापली जावी. ‘* तातडीचे’ हे नाव दिल्यावर पडद्यावर फोल्डरमधल्या सगळ्या फायलींची नावं आली. इको नसता तर त्या सगळ्या गेल्या असत्या.

डबल कोटात स्पेस आणि तारा गप्प बसतात, पण $, बॅकटिक आणि बॅकस्लॅश जागे राहतात. ‘अंबड$500’ असा पासवर्ड डबल कोटात दिला तर शेल त्यात $5 म्हणजे पाचवं नाव शोधतो. ते दिलेलंच नसतं, म्हणून उरतं ‘अंबड00’. ₹ लिहिला असता तर शेलनं ढुंकूनही पाहिलं नसतं. असा मजकूर सिंगल कोटात ठेवावा, तिथे सगळं जसंच्या तसं राहतं. अडचण एकच: सिंगल कोटाच्या आत सिंगल कोट बसत नाही, बॅकस्लॅशही तिथे निव्वळ अक्षर होतो. मग कोट बंद करून, \' लिहून, पुन्हा उघडायचा: '\''. दिसायला भयंकर, पण 1979च्या बोर्न शेलपासून हेच चालत आलंय.

बॅकस्लॅश पुढच्या एकाच अक्षराला वाचवतो. हातानं ‘(2)’ टाइप करताना कंसाआधी तो देता येतो, पण प्रत्येक स्पेसला बॅकस्लॅश देत बसणं मला तरी पटत नाही. ओळ वाचता येत नाही. सरळ कोट द्यावेत. मात्र मोबाइलवरच्या मेसेजमधून किंवा वर्ड फाइलमधून कमांड उचलू नये. तिथले कोट अनेकदा वळणदार झालेले असतात आणि शेलच्या लेखी ती साधी अक्षरं. स्पेस पुन्हा उघडी पडते.

एक चिन्ह मात्र कोणत्याच कोटानं वाचत नाही: गट क्रमांक 45/2 मधली तिरपी रेघ. लिनक्समध्ये ती फोल्डर वेगळे करते, फाइलच्या नावात बसूच शकत नाही. तिथे 45-2 लिहा.