यमुना आणि यमू

कथेचे घटक सांगताना आपण कथानक, पात्रे, स्थळकाळ, संघर्ष अशी यादी करतो. निवेदक शेवटी कुठेतरी येतो. मी त्याला पहिला मान देतो. त्याची दोन उदाहरणे मराठीतच आहेत.

बाबा पदमनजींचे 'यमुनापर्यटन' १८५७चे. हरिभाऊ आपट्यांची 'पण लक्षात कोण घेतो?' १८९०पासून 'करमणूक'मधून क्रमशः येऊ लागली. दोन्हींची नायिका यमुना. दोन्हींत ती विधवा होते.

पदमनजींची यमुना प्रवास करते, ठिकठिकाणच्या विधवांचे हाल पाहते आणि लेखक ते आपल्याला सांगतो. तो बाहेर उभा राहून एकेक प्रकरण पुराव्यासारखे मांडतो. आपल्याला ते पटते.

आपट्यांची यमू स्वतः बोलते. माहेर, भाऊ, सासरचा जाच, नवऱ्याच्या साथीने लागलेली वाचनाची गोडी असे सारे सांगत ती केशवपनापर्यंत येते. तोवर वाचक तिच्या घरचा झालेला असतो. त्याला आता नुसते पटून भागत नाही. ते सोसावे लागते.

लिहिणारा पुरुष, बोलणारी बाई. लेखक आणि निवेदक वेगळे असू शकतात, हे मराठी कादंबरीने इथे ठळकपणे दाखवले. म्हणूनच शीर्षकातला प्रश्न हरिभाऊंचा वाटत नाही. तो यमूच विचारते.