एका मताचा चेअरमन

फुलंब्री तालुक्यात वडोदबाजारला जा, गणोरीला जा, आळंदला जा. ‘विविध कार्यकारी सेवा सहकारी संस्था मर्यादित’ अशी लांबलचक पाटी दिसेल. गाव तिला नुसतं ‘सोसायटी’ म्हणतं. आत टेबल, लोखंडी कपाट आणि रजिस्टरांची चळत. एवढ्याशा खोलीतून गावातल्या मक्याला, कपाशीला, अद्रकीला पेरणीच्या तोंडावर पैसा मिळतो! ही खोली ज्याच्या भरवशावर चालते तो चेअरमन. निवड झाली की गुलाल उधळतो आणि पाच वर्षांची मुदत सुरू होते.

या चेअरमनला एकट्याने काय काय करता येतं? कर्ज मंजूर करता येतं? नाही. कुणाचं कर्ज अडवता येतं? तेही नाही. जे होतं ते संचालक मंडळाच्या ठरावाने होतं. मंडळात साधारण १३ जण: ८ सर्वसाधारण कर्जदार, २ महिला, आणि अनुसूचित जाती-जमाती, इतर मागास, भटके-विमुक्त यांचा एकेक. प्रत्येकाला एक मत. चेअरमनलाही एकच, फक्त मतं समसमान पडली तर निर्णायक मत त्याचं. आणखी एक पाहा. तो स्वतः थकबाकीदार झाला, तर संचालकपदालाच अपात्र ठरतो. म्हणजे गावाची वसुली करायची, तर सुरुवात स्वतःच्या सातबाऱ्यापासून!

आणि तरीही एखादा चेअरमन पाच वर्षांत सोसायटीचं रूप पालटून जातो. कसं जमतं हे?

आधी हा एका मताचा नियम फुलंब्रीपर्यंत कसा पोचला ते बघू. १८४४ साली इंग्लंडमधल्या रॉचडेलच्या २८ जणांनी एक दुकान काढलं. त्यात विणकर होते, इतर कारागीर होते. ज्याचे शेअर जास्त त्याची मतं जास्त, हा रिवाज त्यांनी मोडला. पुढे जर्मनीत रायफायझन नावाच्या नगराध्यक्षाने शेतकऱ्यांच्या पतसंस्था उभ्या केल्या. इकडे १८७५ साली पुणे जिल्ह्यातल्या सुप्याला शेतकऱ्यांनी सावकारांच्या वह्या जाळल्या होत्या. कर्जाचा हा फास सोडवायची वाट शोधताना सरकारचं लक्ष युरोपातल्या अशा संस्थांकडे गेलं आणि १९०४ साली ब्रिटिश हिंदुस्थानात सहकारी पतसंस्थांचा कायदा आला. पण फुलंब्री ब्रिटिश हिंदुस्थानात होतीच कुठे? ती निजामाच्या राज्यात. तिथे सहकाराचा वेगळा कायदा झाला तो फसली सन १३२३ मध्ये, म्हणजे १९१४ च्या सुमारास. मग १९४८ ची मुक्ती, १९५६ ची राज्यपुनर्रचना, आणि शेवटी २६ जानेवारी १९६२ पासून महाराष्ट्राचा १९६० चा सहकारी संस्था अधिनियम. राजवटी बदलल्या, कायदे बदलले. एक माणूस, एक मत हे सूत्र मात्र टिकून राहिलं.

आता मुदतीकडे वळू. कॅलेंडरवर ती पाच वर्षांची. शेतीच्या हिशेबाने मोजली तर पाच खरीप आणि पाच ३१ मार्च, बस्स. खरिपाला पैसा हवा असेल तर ‘कमाल मर्यादा पत्रक’ आधी तयार लागतं. काय विलक्षण कागद आहे हा! कोणत्या सभासदाची जमीन किती, त्यात कोणतं पीक, जिल्ह्याच्या तांत्रिक समितीने त्या पिकाला ठरवलेला दर किती, म्हणून त्याला कर्ज किती. अख्ख्या गावाची शेती त्या रकान्यांत बसते. गटसचिव ते लिहितो, मंडळ ठराव करतं, जिल्हा बँक मंजुरी देते. पत्रकात नाव यायचं राहून गेलं तर त्या सभासदाचा हंगाम गेला. म्हणून जाणता चेअरमन सत्काराचे हार उतरवतो आणि आधी सभासदांची यादी उघडतो: कोण वारला, कुणाची वारसनोंद अडली, कुणाची जमीन वाटली गेली.

यादीनंतर ताळेबंद, आणि तिथे दबा धरून बसलेली असते ‘अनिष्ट तफावत’. सहकाराच्या सगळ्या हिशेबात मला सर्वांत थक्क करणारी गोष्ट हीच वाटते. समजा, सोसायटीला बँकेचं देणं आहे १ कोटी आणि सभासदांकडून येणं आहे ८५ लाख. उद्या सकाळी गावातल्या प्रत्येकाने पै न् पै आणून भरली, तरी १५ लाख कमीच पडणार! सभासद सगळे प्रामाणिक आणि संस्था बुडीत. वरून पाणी दिसणाऱ्या, पण झरा आटलेल्या विहिरीसारखी. हे होतं कसं? बँक आणि सभासद यांच्यामध्ये सोसायटीला व्याजातला जो गाळा मिळतो तो अगदी बारीक. पगार, भाडं, छपाई यांचा खर्च त्यापलीकडे गेला की फरक पडतो. कुठे अपहारही होतो. आणि त्या फरकावर बँकेचं व्याज चढत राहतं, वर्षामागून वर्षं. मग बँक हात आखडता घेते आणि वेळेवर फेडणारा सभासदही अडतो.

नुसत्या वसुलीने ही तफावत बुजत नाही. तिला दुसरं उत्पन्न लागतं: खत-बियाण्यांची विक्री, गोदाम, सेवा केंद्र. २०२३ च्या आदर्श उपविधींनी अशा पंचवीसहून अधिक व्यवसायांची दारं उघडली आहेत. त्याआधी, २०२२ मध्ये, देशातल्या ६३,००० सोसायट्या संगणकावर आणण्यासाठी केंद्राने २,५१६ कोटींची योजना मंजूर केली. पण गोदाम काही ठराव केल्या दिवशी उभं राहत नाही. जागा, तिचे कागद, सर्वसाधारण सभेची मान्यता, निबंधकांची परवानगी, कर्ज, बांधकाम. चौथ्या वर्षी सुचलेलं गोदाम पुढच्या चेअरमनच्या हातून पुरं होतं. म्हणून मोठं काम पहिल्याच वर्षी काढायचं. कायदाही इथे मदतीला आहे: पद घेतल्यावर सुरुवातीचा ठरावीक काळ अविश्वास ठराव आणता येत नाही. श्वास घ्यायला दिलेली ही जागा मानपानात घालवणं म्हणजे सभासदांचं नुकसान.

मार्चची गोष्ट वेगळीच. ३ लाखांपर्यंतचं पीककर्ज मुदतीत फेडणाऱ्याला महाराष्ट्रात २०२१ च्या खरिपापासून व्याज शून्य पडतं. तरी मार्चअखेर हातउसने घेऊन ‘नवं-जुनं’ करणारे, म्हणजे जुनं कर्ज भरून लगेच नवं उचलणारे, घरोघर. मका-कापूस बाजारात जातो दिवाळीच्या आगेमागे. पैसा घरात असतो तेव्हाच सभासदाच्या ओट्यावर बसून बोलणारा चेअरमन मार्चमध्ये धावाधाव करत नाही.

आणि आपल्यामागून कोण, हेही चेअरमनने बघायचं असतं. त्यासाठी सोसायटीबाहेरचं एक उदाहरण. प्रवरेचा सहकारी साखर कारखाना उभा राहिला तेव्हा अध्यक्ष होते पुण्याच्या गोखले संस्थेचे अर्थशास्त्रज्ञ धनंजयराव गाडगीळ. कल्पनेमागे आणि गावोगाव शेअर गोळा करण्यामागे होते लोणीचे शेतकरी विठ्ठलराव विखे पाटील. १९५० मध्ये कारखाना सुरू झाला. जवळपास दहा वर्षं गाडगीळांनी ते पद सांभाळलं, नंतर ते विखे पाटलांकडे आलं. शेतकऱ्यांच्या संस्थेचं अध्यक्षपद शेतकऱ्याकडे जाईपर्यंत तिची घडी नीट बसवून देणं, यापेक्षा यशस्वी मुदत कोणती असणार?

सोसायटीच्या या चक्रात सभासदाचाही एक दिवस असतो. लेखापरीक्षण झालं की ३० सप्टेंबरच्या आत वार्षिक सर्वसाधारण सभा घ्यावीच लागते. नोटीस येते, पण बरेच जण जात नाहीत. कोरम भरत नाही, तहकूब सभा थोड्या वेळाने पुन्हा भरते आणि सारे विषय मंजूर होतात. यंदा नोटीस आली की जा. अहवालाची प्रत मागून घ्या, आणि चेअरमनला सगळ्यांसमोर विचारा: आपल्या सोसायटीची अनिष्ट तफावत किती, आणि मागच्या वर्षी किती होती?