विश्लेषण : कर्करोगाचे जनुक ‘गप्प’ करणारे औषध गाठीपर्यंत का पोहोचत नाही?

रेडी, शिरोडा भागातील अनेक कर्करुग्णांना उपचारासाठी बांबोळीचे गोवा वैद्यकीय महाविद्यालय, नाहीतर थेट मुंबईचे टाटा मेमोरियल रुग्णालय गाठावे लागते. नॅनोकणांतून थेट गाठीत जाणाऱ्या औषधाची बातमी मोबाइलवर आली, की अशा घरांत आशा पालवते. हे औषध आज मिळू शकते का?

जनुक ‘गप्प’ करणे म्हणजे काय?

पेशीतील जनुक आरएनएच्या रूपात संदेश धाडते आणि त्यावरून प्रथिन तयार होते. कर्करोगात काही जनुकांचे संदेश पेशीला वाढत राहायला लावतात. एसआय-आरएनए हा सुमारे २१ अक्षरांचा छोटा तुकडा नेमका तो संदेश ओळखतो आणि पेशीतील यंत्रणेकडून त्याचे तुकडे करवतो. जनुक जागेवरच राहते, पण प्रथिन बनत नाही. या प्रक्रियेचा शोध अँड्र्यू फायर आणि क्रेग मेलो यांनी १९९८ मध्ये जाहीर केला. त्यांना २००६ चे नोबेल मिळाले.

नॅनोकण कशासाठी?

नुसता आरएनए रक्तात सोडला तर काही मिनिटांत नष्ट होतो. म्हणून त्याला स्निग्ध पदार्थाच्या किंवा पॉलिमरच्या, साधारण १०० नॅनोमीटरच्या वेष्टनात भरतात. माणसाचा केस याच्या शेकडो पट जाड असतो. करोनाच्या एम-आरएनए लशींमध्ये असेच स्निग्ध कण वापरले गेले.

मग अडचण कुठे?

रेडी बंदरातून लोहखनिज बाहेर जाते. माल जहाजात चढला म्हणजे काम झाले असे नसते. तो योग्य बंदरात पोहोचून उतरावाही लागतो. इथेही तसेच आहे. रक्तातले बहुतेक कण यकृत आणि प्लीहा अडवतात. २०१६ मध्ये टोरांटोतील संशोधकांनी आधीच्या दहा वर्षांच्या प्राण्यांवरील प्रयोगांचा आढावा घेतला. टोचलेल्या नॅनोकणांपैकी गाठीत पोहोचणाऱ्यांचे मध्यक प्रमाण अवघे ०.७ टक्के निघाले. पेशीत शिरलेले कणही बहुतांशी एका पिशवीत अडकतात. तिथून फार थोडा आरएनए बाहेर पडतो.

आतापर्यंत यश किती?

२०१८ मध्ये अमेरिकेच्या औषध नियामकाने ‘पॅटिसिरान’ या पहिल्या एसआय-आरएनए औषधाला मान्यता दिली. ते एका आनुवंशिक मज्जाविकारावर आहे. त्यात दोषी प्रथिन मुख्यतः यकृतात बनते, आणि नॅनोकण तिथे आपसूक जातात. म्हणजे कर्करोगात जी अडचण, तीच इथे सोय ठरली.

कर्करोगात २०१० मध्ये कॅलटेकचे मार्क डेव्हिस आणि सहकाऱ्यांनी त्वचेच्या कर्करोगाच्या रुग्णांच्या गाठीत नॅनोकण पोहोचल्याचे आणि लक्ष्य जनुकाचा संदेश तुटल्याचे दाखवले. मात्र ते औषध बाजारापर्यंत आले नाही. कर्करोगावरील एकाही एसआय-आरएनए औषधाला अद्याप अमेरिकी नियामकाची मान्यता नाही.

महाराष्ट्रात काय तयारी आहे?

पुण्याच्या जेनोव्हा कंपनीची एम-आरएनए करोना लस २०२२ मध्ये मंजूर झाली. २ ते ८ अंशांत टिकणारी ही लस म्हणजे आरएनए बनवण्याची आणि साठवण्याची क्षमता राज्यात असल्याचा पुरावा. आयआयटी मुंबई आणि टाटा मेमोरियल यांच्या सहकार्यातून आलेल्या ‘नेक्सकार१९’ या उपचारालाही २०२३ मध्ये मान्यता मिळाली. पण तो रक्ताच्या कर्करोगावरचा पेशी-उपचार आहे. घट्ट गाठीत औषध पोहोचवण्याचा प्रश्न त्याने सुटत नाही.

रुग्णाने काय करावे?

‘नॅनो’ किंवा ‘जीन थेरपी’ असे लेबल पाहून सुरू असलेली केमोथेरपी किंवा रेडिएशन सोडू नये. कोणी नव्या उपचाराची चाचणी सुरू असल्याचे सांगितले, तर तिचा सीटीआरआय नोंदणी क्रमांक मागावा. भारतात अशा चाचण्यांची नोंदणी २००९ पासून सक्तीची आहे. ती नोंद संकेतस्थळावर कोणालाही मोफत पाहता येते. क्रमांक सापडला तरी निर्णय उपचार करणाऱ्या डॉक्टरांशी बोलूनच घ्यावा.