‘प्रोफिलॅक्सिस’ : एका वैद्यकीय संज्ञेचा अर्थविचार

वैद्यकात रूढ असलेली ‘प्रोफिलॅक्सिस’ ही संज्ञा मूळ ग्रीक असून तिच्यातील ‘फिलाक्स’ या शब्दाचा अर्थ पहारेकरी असा आहे. संकट येण्यापूर्वी बसविलेला पहारा, हा तिचा मूलार्थ होय. मराठीत तिच्याकरिता ‘रोगप्रतिबंध’ हा शब्द योजितात. तो चुकीचा नव्हे. परंतु त्यात अडविण्याची कल्पना आहे, काळाची नाही. सुश्रुतसंहितेतील चिकित्सास्थानाच्या चोविसाव्या अध्यायाचे ‘अनागताबाधाप्रतिषेध’ हे नाव या दृष्टीने अधिक नेमके वाटते. जी पीडा अद्याप आलेली नाही तिचे निवारण, असा त्याचा अर्थ. (अध्यायातील विषय मात्र दंतधावन, अभ्यंग, व्यायाम असे नित्याचेच आहेत.)

व्यवहारात या संज्ञेची जागा ‘लस’ या शब्दाने घेतली. लस म्हणजे मुळात फोडातून पाझरणारा पातळ द्रव. देवी काढताना तोच वापरीत. त्यावरून हा शब्द रुळला असावा. १८९७ च्या जानेवारीत हाफकिन यांनी मुंबईत जे प्लेगप्रतिबंधक द्रव्य प्रथम स्वतःस टोचून घेतले, त्यास इंग्रजीत ‘प्रोफिलॅक्टिक’ म्हणत. मराठीने त्यालाही लसच म्हटले. तथापि प्रत्येक प्रोफिलॅक्सिस म्हणजे लस नव्हे. पुराच्या पाण्यातून चालून आलेल्यांना लेप्टोस्पायरोसिस होऊ नये म्हणून मुंबईत डॉक्सिसायक्लिन देतात, तेही प्रोफिलॅक्सिसच.

खरी अडचण येते ती श्वानदंशाच्या बाबतीत. कुत्रा चावल्यानंतर जी इंजेक्शने देतात, त्यांना आपण सर्रास ‘उपचार’ म्हणतो. उपचार रोग झाल्यावर करावयाचा असतो, अशी सामान्य समजूत. तेव्हा जखम भरली, ताप नाही, मग उपचार कशाचा, असे रोग्याच्या घरच्यांनी म्हणावे यात नवल नाही. वस्तुतः येथे अनागत आहे तो रोग, विषाणू नव्हे. विषाणू शरीरात शिरलेला असू शकतो. तो मज्जातंतूंच्या वाटेने मेंदूकडे सरकतो, आणि या प्रवासास बहुधा काही आठवडे, क्वचित त्याहून पुष्कळ अधिक काळ लागतो. पहारा बसवावयाचा तो याच अवधीत : साबण व वाहते पाणी यांनी पंधरा मिनिटे जखम धुणे, लसीच्या सर्व मात्रा वेळेवर घेणे, आणि जखम गंभीर असेल तर तीत तयार प्रतिपिंडे टोचणे. लक्षणे दिसू लागल्यावर रोगी वाचणे जवळजवळ अशक्य असते. म्हणून रुग्णपत्रिकेवर ‘उपचार’ न लिहिता ‘दंशोत्तर प्रतिबंध’ असे लिहावे, आणि पुढील मात्रेची तारीख त्याच ओळीत नोंदवावी, असे प्रस्तुत लेखकास वाटते.