उतारावर ट्रकला कोण धरतं?

वालीव-गोखिवऱ्याच्या गाळ्यांतून माल भरून ट्रक गुजरातकडे निघाला की मनोरच्या पुढे मेंढवण खिंड लागते. उतार दिसला की डिझेल वाचवायला गाडी न्यूट्रलवर सोडायचा मोह अनेक चालकांना होतो. तो किती महागात पडतो, हे शाळेतलं घर्षणाचं गणित सांगतं.

समजा, ट्रक मालासकट 16 टनांचा आहे आणि रस्ता दर 20 मीटरला 1 मीटर उतरतो. वजनाचा विसावा हिस्सा, म्हणजे 800 किलोचा जोर, त्याला खाली ओढतो. न्यूट्रलमध्ये अडवतं ते फक्त फिरत्या टायरचं घर्षण. ते वजनाच्या शंभराव्या हिस्स्याएवढं, 160 किलो. उरले 640. हवेचा विरोध सोडला, तर उभा ट्रक किलोमीटरभरात ताशी 100 चा वेग गाठेल.

विद्यार्थी इथेच अडतात. सुक्या डांबरावर टायरचा घर्षणांक सुमारे 0.7, म्हणजे घर्षण 11 टनांचं. मग ट्रक सुटतोच कसा? कारण 11 टन ही कमाल मर्यादा आहे. हँडब्रेक लावलेल्या ट्रकला रस्ता मोजून 800 किलोच देतो, मोकळ्या चाकाला जवळपास काही नाही. घर्षण मागून घ्यावं लागतं. ते मागतो ब्रेक किंवा गिअर.

वेग न वाढवता तो किलोमीटर नुसत्या ब्रेकवर उतरलात, तर निघणाऱ्या उष्णतेत 20 लिटर पाणी उकळेल. लायनर तापले की पकड सुटते आणि ब्रेक फेल होतात. गिअरमधली गाडी हाच भार इंजिनावर टाकते. म्हणून मुरलेले चालक सांगतात: ज्या गिअरमध्ये चढाल, त्याच गिअरमध्ये उतरा.

पावसात ती मर्यादाही खाली येते. ताशी 60 ने येणारी गाडी या उतारावर सुक्यात ब्रेक लागल्यापासून 22 मीटरांत थांबते. ओल्यात घर्षणांक 0.4 धरला तर 40 मीटर लागतात.

आणि डिझेल? आजच्या इंजिनात गाडी गिअरमध्ये असताना अॅक्सिलरेटर सोडला की इंधन आपोआप तुटतं. न्यूट्रलमध्ये मात्र इंजिन चालू ठेवायला ते जळतच राहतं. इंजिनच बंद केलं, तर ब्रेकची हवा भरणारा कॉम्प्रेसरही थांबतो. म्हणजे न्यूट्रलमध्ये बचत नाहीच, उलट खर्चच.