वाफेची सिगारेट : धूर नाही, पण विष आहे

शिकायला शहरात राहिलेल्या मुलांच्या खिशात हल्ली कधी कधी पेनासारखी दिसणारी एक नळी सापडते. हीच ई-सिगारेट. आत छोटी बॅटरी, तापणारी तार आणि थोडा द्रव असतो. नळी ओढली की द्रव तापून त्याची वाफ छातीत जाते. राख नाही, बिडीचा वास नाही. उलट आंब्याचा नाहीतर पुदिन्याचा गोड वास येतो. म्हणून घरच्यांना पत्ता लागत नाही आणि मुलांना वाटते, नुसत्या वाफेने काय होणार?

या द्रवात बहुधा निकोटिन असते. पिकावरचा मावा मारायला तंबाखूचा काढा फवारतात, त्यातले विष तेच. त्याने नाडी जलद चालते, रक्तदाब वाढतो आणि कोवळ्या वयात व्यसन लवकर जडते. लहान मुलाच्या पोटात हा द्रव गेला तर जिवावर बेतते.

२०१९ साली अमेरिकेत अशा नळ्या ओढणाऱ्यांत फुफ्फुसाच्या आजाराची साथच आली. फेब्रुवारी २०२० पर्यंत २,८०७ रुग्णांची नोंद झाली. ६८ जण दगावले. बहुतेकांच्या द्रवात गांजाचा अर्क होता. त्यात मिसळलेले व्हिटॅमिन ई ॲसिटेट हे तेलकट द्रव्य मुख्यतः कारणीभूत ठरले. खोकला, धाप, ताप, उलट्या ही लक्षणे न्यूमोनियासारखीच. नळीची गोष्ट कळल्याशिवाय डॉक्टरांना खरे निदान करणे अवघड.

म्हणून डॉक्टरांनी "बिडी-तंबाखू आहे का?" एवढ्यावर न थांबता, "नळी ओढतोस का? त्यात काय घालतोस?" हेही विचारावे, तेही न रागावता आणि तरुण मुलाला जरा बाजूला घेऊन. मग सोडण्याचा दिवस ठरवून द्यावा, गरजेप्रमाणे औषध द्यावे आणि पुन्हा तपासायला बोलवावे. सोडल्यावर पहिले काही दिवस चिडचिड होते, झोप लागत नाही. हे आधीच सांगितले तर मुलगा धीर सोडत नाही.

आपल्या देशात २०१९ च्या कायद्याने ई-सिगारेट बनवणे, विकणे, साठवणे यांस बंदी आहे. विकणाऱ्याला पहिल्या गुन्ह्यासाठी एक वर्षापर्यंत कैद किंवा एक लाख रुपयांपर्यंत दंड, किंवा दोन्ही होऊ शकते.

आईबापांनो, नळी सापडली तर मारझोड करू नका. मारले की मूल लपवते, आणि लपवलेले डॉक्टरांनाही कळत नाही. बिडी सुटावी म्हणून कोणी ही नळी सुचवली, तर तिच्याही नादी लागू नका. तंबाखू सोडण्यासाठी १८००-११-२३५६ या क्रमांकावर फुकट सल्ला मिळतो. दवाखान्यात मात्र खरे तेच सांगा.