ई-टपालाचा पहारेकरी

जुन्या वाड्याच्या देवडीवर पहारेकरी बसत असे. येणाऱ्या प्रत्येकास न्याहाळून परिचितास आत सोडावे व संशयितास दाराशीच थोपवावे, हे त्याचे काम. आपल्या ई-मेलच्या पेटीशीही आज असाच एक पहारेकरी बसलेला असतो. मात्र तो माणूस नसून संगणकाची एक आज्ञावली आहे.

या पहाऱ्याची गरज का पडली? पोस्टाने शंभर पत्रे पाठवावयाची तर शंभर तिकिटे लावावी लागतात. ई-मेलचे तसे नाही. एकच मजकूर लाखो लोकांस पाठविण्यास जवळजवळ काहीच खर्च येत नाही. ३ मे १९७८ रोजी अमेरिकेत गॅरी थर्क या गृहस्थाने ‘अर्पानेट’ या संगणकांच्या जाळ्यावरून सुमारे ४०० जणांस नव्या संगणकांची जाहिरात एकदमच धाडली. न मागता आलेल्या अशा टपालाचे हे पहिले उदाहरण मानले जाते. पुढे अशा टपालास ‘स्पॅम’ हे नाव पडले. स्पॅम हे खरे तर डबाबंद मांसाचे नाव. १९७० सालच्या एका ब्रिटिश विनोदी प्रवेशात या शब्दाचा इतका घोष होतो, की इतरांचे बोलणेच बुडून जाते. नको त्या पत्रांच्या गर्दीत कामाचे पत्र असेच बुडते.

आता हा पहारेकरी पारख कशी करतो ते पाहू. पाठविणाऱ्याचा पत्ता खरा आहे की कोणी दुसऱ्याचे सोंग घेतले आहे, हे तो तपासतो. मग तो मजकुराकडे वळतो. ‘बक्षीस’, ‘त्वरा करा’ असे शब्द स्पॅममध्ये वारंवार येतात. ‘गृहपाठ’ हा शब्द क्वचितच. एका शब्दावरून तो निकाल देत नाही. सर्व शब्दांचे वजन मिळून काय भरते, हे पाहतो. या हिशेबामागे थॉमस बेझ या अठराव्या शतकातील इंग्रज धर्मोपदेशकाचा संभाव्यतेचा सिद्धान्त आहे. २००२ साली पॉल ग्रॅहम या संगणकतज्ज्ञाने एका निबंधात ही रीत विशद केली आणि तिचा प्रसार झाला.

परंतु संभव म्हणजे निश्चिती नव्हे. पहारेकऱ्याच्या हातून दोन प्रकारच्या चुका होतात. कधी चोर आत शिरतो, तर कधी पाहुणा बाहेर राहतो. शिष्यवृत्तीच्या पत्रात ‘अभिनंदन’, ‘रक्कम’, ‘त्वरित’ हे शब्द असणारच! तेवढ्यावरून ते स्पॅमच्या कप्प्यात पडले, तर? जीमेलमध्ये या कप्प्यातील पत्रे ३० दिवसांनी आपोआप नष्ट होतात. पत्र गेले, मुदत टळली, आणि विद्यार्थ्यास त्याचा पत्ताही नाही!

म्हणून आठवड्यातून एकदा तो कप्पा अवश्य पाहावा. ओळखीचे पत्र तेथे दिसल्यास ‘हे स्पॅम नाही’ अशी खूण करावी व पाठविणाऱ्याचा पत्ता आपल्या यादीत नोंदवावा. पहारेकरी या खुणांवरूनच शिकतो. काही पत्रे मात्र कप्प्यातही न येता दारातूनच परत जातात. अपेक्षित पत्र न आल्यास पाठविणाऱ्यास दूरध्वनीवरून विचारावे, हेच बरे. आणि आत शिरलेल्या अनोळखी पत्राने पासवर्ड मागितला, तर तो कदापि देऊ नये. वडीलधाऱ्यांस ते पत्र दाखवावे.

पहारेकरी कितीही हुशार असला, तरी घर आपले आहे. कोणास आत घ्यावे, हा अखेरचा निर्णय घरधन्याचाच असतो.